टाकाऊ लाकूड आणि कॅल्सिनर: प्रकल्प नोंदी

४ ऑक्टोबर

आमच्या सिमेंट कारखान्यात पेटकोकमधून (तेलशुद्धीकरणातून उरणारं कोळशासारखं इंधन) येणाऱ्या उष्णतेचा काही वाटा टाकाऊ लाकडातून काढायचा, हे काम आजपासून आमच्याकडे. भट्टी दिवसाला ३,००० टन क्लिंकरची (भाजलेले गोळे, जे दळून सिमेंट होतं), प्रीहीटर (कच्चं पीठ गरम वायूने तापवणारा मनोरा) आणि कॅल्सिनर (भट्टीच्या आधी चुनखडी फोडणारा ज्वलनकक्ष) असलेली. क्लिंकरच्या टनामागे ३.३ गिगाज्यूल धरले तर दिवसाला ९,९०० गिगाज्यूल लागतात. बैठकीत जो तो 'दहा टक्के, दहा टक्के' म्हणत होता, म्हणून आधी दहा टक्के म्हणजे नेमकं किती ते कागदावर मांडलं.

दहा टक्के म्हणजे ९९० गिगाज्यूल. पेटकोकची उष्णता किलोला ३३ मेगाज्यूल धरली तर रोजचे ३० टन पेटकोक वाचतील. लाकूड अगदी कोरडं असेल तर किलोला साडेअठरा मेगाज्यूल देतं, पण तसं लाकूड फक्त प्रयोगशाळेच्या भट्टीतून बाहेर येतं. २० टक्के ओल धरली की १४.३ उरतात, म्हणजे रोज ६९ टन लाकूड. इथवर कोणाला काही वाटलं नाही. मग घनफळ काढलं. पेटकोकचे ३० टन ३८ घनमीटरमध्ये मावतात. लाकडाच्या सुट्या चिप्स घनमीटरला दोनशे-सव्वादोनशे किलोच भरतात, त्यामुळे तीच उष्णता आणायला ३१४ घनमीटर माल हलवावा लागेल. आठपट. बंकर, पट्टे, फीडर, ट्रक उभे करायची जागा, सगळं त्या आठपटीच्या हिशोबाने. यावर मात्र बैठकीत शांतता.

जागा ठरली: कॅल्सिनर. मुख्य बर्नरची ज्योत २,००० अंशांच्या आसपास असते आणि तिथे इंधन हवेत असतानाच जळून संपावं लागतं, त्यामुळे बारीक आणि कोरडा मालच चालतो. कॅल्सिनरला ८५० ते ९०० अंश पुरतात, चुनखडीतला कार्बन डायऑक्साइड तेवढ्यावर सुटतो. शिवाय एकूण इंधनातलं साठ टक्के तिथेच जातं. लाकडाला सवलत मिळायची असेल तर ती तिथेच.

१३ ऑक्टोबर

यार्डात पहिला माल. मोडके पॅलेट, खोकी, सेंट्रिंगच्या फळ्या, पाडकामातल्या चौकटी आणि दारं, फर्निचरचा चुरा, प्लाय. दुरुस्त होण्यासारखे पॅलेट आणि पार्टिकल बोर्डवाले घेतील असं स्वच्छ लाकूड आपण घ्यायचं नाही, हे मी लेखी घालून घेतलं. ज्या लाकडाची पुन्हा फळी होऊ शकते ते जाळण्यात काही शहाणपण नाही, आणि त्याची स्पर्धा करायला गेलो तर भावही आपल्याच अंगावर येईल.

वर्गवारीसाठी जर्मनीच्या २००२ च्या टाकाऊ लाकूड नियमावलीची पद्धत घेतली. तिच्यात चार वर्ग आहेत. पहिला, फक्त यंत्राने कापलेलं नैसर्गिक लाकूड. दुसरा, डिंक, रंग, लॅमिनेट लागलेलं पण हॅलोजनयुक्त लेप नसलेलं. तिसरा, तसा लेप, म्हणजे मुख्यतः पीव्हीसी असलेलं. चौथा, लाकूड टिकवणारी औषधं मुरवलेलं, जसे रेल्वेचे स्लीपर आणि खांब. आपण पहिले दोन घेणार. तिसऱ्यातलं पीव्हीसी काढता आलं तरच, आणि चौथा फाटकाबाहेर.

मुकादमांचा प्रश्न रास्त होता. "साहेब, हिरवट फळी बाजूला काढतोच, पण रंग लावलेली हिरवी आणि औषध पाजलेली हिरवी, ओळखायची कशी?" औषध म्हणजे तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकचं मिश्रण. उपाय सोपा निघाला. फळीचा ताजा काप घ्यायचा, त्यावर क्रोम अ‍ॅझुरॉलच्या द्रावणाचे थेंब टाकायचे. तांबं असेल तर जागा गडद निळी होते, नसेल तर नाही. दुपारी दहा-बारा तुकडे ओळीने मांडून करून पाहिलं. एका खांबाच्या तुकड्यावर बाहेरची कड निळी आणि गाभा कोरा, म्हणजे औषध किती खोल गेलं तेसुद्धा दिसलं. मुकादमांनी ती बाटली तिथेच मागून घेतली.

'भट्टीत सगळं जळून जातं' हे वाक्य आज पुन्हा ऐकू आलं. सेंद्रिय विषं जळतात, धातू जळत नाहीत. आर्सेनिक बरंचसं चुन्याशी बांधलं जातं आणि क्लिंकरमध्ये राहतं. क्रोमियम भट्टीतल्या प्राणवायूत आणि अल्कलीत काही अंशी सहा संयुजेच्या विद्राव्य रूपात जातं, आणि सिमेंट हाताळणाऱ्या गवंड्यांच्या हाताला जो इसब होतो त्याचं ते एक मुख्य कारण. युरोपात म्हणूनच सिमेंटमध्ये विद्राव्य षट्संयुजी क्रोमियमवर दशलक्षात दोन भागांची मर्यादा आहे. पारा तर क्लिंकरमध्ये राहतच नाही, वायूबरोबर चिमणीकडे जातो. तेव्हा चौथ्या वर्गाबाबत घासाघीस नको.

१६ ऑक्टोबर

क्लोरीनचा हिशोब. आपल्याकडे क्लोरीन बायपास, म्हणजे क्लोरीन साचलेला थोडा वायू बाहेर काढणारी वाट, नाही. बायपास नसलेल्या भट्टीत सगळ्या मार्गांनी मिळून क्लिंकरच्या टनामागे २५० ते ३०० ग्रॅम क्लोरीनपर्यंत निभतं, त्यापुढे सायक्लोन (प्रीहीटरमधली, पीठ आणि वायू वेगळे करणारी नळकांडी) तुंबायला लागतात. लाकडात ०.१ टक्का क्लोरीन असेल तर ६९ टनांमधून टनामागे २३ ग्रॅम येतात, काही हरकत नाही. पण लाकडात वजनाने एकच टक्का पीव्हीसी असलं तर? पीव्हीसीचं ५७ टक्के वजन क्लोरीनचंच असतं. हिशोब १३१ ग्रॅमवर गेला. टेबलांच्या कडेला चिकटवलेली ती बोटभर रुंदीची पट्टी अर्धी मर्यादा खाऊन टाकते. कच्च्या मालातलं आणि पेटकोकमधलं क्लोरीन अजून धरलेलंच नाही.

पट्टी हाताने सोलायला दोन माणसं लावली. सोलून निघत नसेल तो तुकडा परत.

२३ ऑक्टोबर

श्रेडर चालू. आधी दोन शाफ्टचा हळू फिरणारा, मग पट्ट्यावर लोहचुंबक, मग हॅमर मिल, मग ५० मिमीची चाळणी. चुंबकाखाली खिळ्यांचा ढीग बघण्यासारखा. स्टेनलेसचे स्क्रू आणि अ‍ॅल्युमिनियमच्या बिजागऱ्या त्याला जुमानत नाहीत, त्यासाठी एडी करंटचं यंत्र लागेल, मागणी टाकली आहे.

हॉपरमध्ये माल कमान धरतो. खालून स्क्रू फिरतो, वर पोकळी, त्यावर चिप्सची छान घुमटी. कारण लांब चोयट्या. त्या उभ्या पडल्या की ५० मिमीच्या भोकातून निसटतात आणि आत जाऊन एकमेकींत गुंततात. हॉपरच्या भिंती उभ्या करून घेणं आणि तळाला हलता फ्लोअर बसवणं, एवढंच मेकॅनिकलवाल्यांकडे दिलं.

३० ऑक्टोबर

आज दिवसभर ओल.

पुरवठादार म्हणतो माल २५ टक्के ओलीचा, लॅब म्हणते २० टक्के. दोघंही खरे. त्याचा सुया टोचायचा मीटर पाण्याला कोरड्या लाकडाच्या वजनाने भागतो, लॅब एकूण वजनाने भागते. २५ आणि २० इथे फार लांब नाहीत, पण लाकूड भिजलं की अंतर वाढतं: लॅबचे ४० म्हणजे त्याच्या मीटरवर ६७. करारात 'एकूण वजनावर, १०५ अंशांना वजन स्थिर होईपर्यंत वाळवून' असं स्पष्ट लिहिलं. आणि पैसे टनावर द्यायचे नाहीत, गिगाज्यूलवर द्यायचे. टनावर दिले तर पाऊस पडला की पुरवठादाराचं बिल वाढतं आणि आपली उष्णता घटते.

नमुना कुठून घ्यायचा हाही वादच. लॅबच्या बाईंनी एकाच ट्रकमधून वरचा, मधला आणि तळाचा असे वेगळे नमुने काढले. वरचा थर उन्हाने कुरकुरीत, तळाशी मात्र हाताला पाणी लागत होतं. वरून मूठभर उचलून काढलेला आकडा कोणाच्याच कामाचा नाही. आता ट्रक रिकामा होत असताना पट्ट्यावरून ठरावीक वेळाने नमुना.

मग ओल भट्टीत नेमकं काय करते याचा हिशोब. माझी समजूत होती की वाफेमुळे आयडी फॅन (भट्टीतला वायू ओढून घेणारा मोठा पंखा) अपुरा पडेल. ४० टक्के ओलीच्या लाकडाची उष्णता किलोला १०.१ मेगाज्यूल, म्हणजे त्याच ९९० गिगाज्यूलसाठी ९८ टन लाकूड, त्यात ३९ टन पाणी. त्याची वाफ तासाला जेमतेम २,००० सामान्य घनमीटर (शून्य अंश आणि वातावरणाच्या दाबावर धरलेले). प्रीहीटरमधून बाहेर पडणारा वायू तासाला एक लाख ८० हजारांच्या वर. म्हणजे एक टक्का. फॅन आधीच शेवटच्या टोकाला चालतो, त्यामुळे एक टक्कासुद्धा दिवसाला तीसेक टन क्लिंकर खाऊ शकतो, पण भट्टी काही कोलमडणार नाही.

खरी अडचण दुसरीकडे निघाली. फीडर वजनावर चालतो, तासाला २.९ टन. २० टक्के ओलीचा माल येत असताना त्यातून तासाला ४१ गिगाज्यूल मिळतात. मागून ४० टक्क्यांचा ट्रक लागला की फीडरचा आकडा तोच राहतो, उष्णता २९ वर येते. कॅल्सिनरच्या एकूण उष्णतेत एकदम पाच टक्क्यांची घट. तापमान पडतं, नियंत्रक पेटकोक वाढवतो, तोवर कोरडा माल पुन्हा सुरू होतो आणि आता उष्णता जास्त. कंट्रोल रूममधला माणूस दिवसभर या झोक्यावर. सरसकट ३० टक्के ओलीचं लाकूड मला चालेल. कधी पंधरा, कधी पंचेचाळीस हे चालणार नाही.

त्यामुळे आजपासून यार्डात मिसळण. येणारा माल लांबट ढिगात आडव्या थरांनी पसरायचा आणि लोडरने उभा कापून उचलायचा, चुनखडीचा ढीग लावणाऱ्या स्टॅकरवर करतो तसंच. ते तंत्र कारखान्यात आहेच, लाकडासाठी वापरायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं इतकंच.

८ नोव्हेंबर

ढिगात सळईचा थर्मामीटर खुपसून पाहिला. बाहेर गार, मीटरभर आत ५८ अंश. ओल्या चिप्समध्ये जिवाणू आणि बुरशी कामाला लागतात, त्यांची उष्णता ६०-७० अंशांपर्यंत नेते, आणि त्यापुढे लाकडाचं रासायनिक ऑक्सिडेशन स्वतःच जोर धरतं. तिथून आग फार लांब नसते. भुसा जास्त असला आणि लोडर ढिगावर चढून माल दाबत गेला तर आणखी वाईट. ढिगाची उंची कमी, भुसा वेगळा, आधी आला तो आधी उचलायचा, लोडरने वर चढायचं नाही.

बुरशीचे बीजाणू आणि धूळ, दोन्हींसाठी मास्क सक्तीचा. बंद हॉपरमध्ये उतरण्याआधी प्राणवायू आणि कार्बन मोनॉक्साइड मोजल्याशिवाय परवाना नाही. साठवलेलं लाकूड प्राणवायू खातं आणि कार्बन मोनॉक्साइड सोडतं, हे कोळशाच्या बंकरमध्ये उतरणाऱ्यांना पटतं, 'लाकूडच आहे की' म्हणणाऱ्यांना पटवावं लागतं.

१७ नोव्हेंबर

पहिला माल कॅल्सिनरमध्ये. सुरुवात दोन-तीन टक्क्यांनी. प्रवेश टर्शरी एअर डक्टच्या (कॅल्सिनरला गरम हवा आणणारी नळी) किंचित वर, जिथे प्राणवायू भरपूर. बाहेरची थंड हवा आत घुसू नये म्हणून तीन झडपांचं फाटक, एकावेळी एकच उघडणारं. मधल्या झडपेत चोयटी अडकून ती अर्धवट उघडी राहिली आणि प्रीहीटरच्या टोकाला प्राणवायू चढलेला दिसला. झडपेची कड बदलली.

कार्बन मोनॉक्साइडच्या आलेखावर दात येतात. पट्ट्यावरून माल गोळ्यांनी पडतो, प्रत्येक गोळ्याला एक दात. वजनी फीडरनंतर पट्टा लांब होता, तिथे माल पुन्हा गोळा होत होता. फीडर फाटकाच्या जवळ आणल्यावर दात बोथट झाले.

२६ नोव्हेंबर

वाटा सहा टक्क्यांवर नेला आणि इनलेटला, म्हणजे माल भट्टीत शिरतो त्या तोंडाशी, त्रास सुरू.

रात्रपाळीच्या बर्नरमनने किल्न इनलेटच्या झरोक्यातून बोलावून दाखवलं. कॅल्सिनरमधून उतरणाऱ्या पांढुरक्या गरम मालाबरोबर लाल ठिणग्या सरकत होत्या. ठिणग्या कसल्या, सुपारीएवढे निखारे, मालात अर्धे बुडून भट्टीत चाललेले. हॉट मीलच्या (भट्टीत उतरणारा गरम माल) नमुन्यात गंधकाचा आकडा वर, राइझरच्या (इनलेटवरचा वायूचा उभा मार्ग) भिंतीवर थर, आणि पोकिंगवाल्यांची, म्हणजे थर टोचून पाडणाऱ्यांची, सकाळपासून धावपळ.

वरवर पाहता हे उलटंच आहे. लाकडात गंधक जवळपास नाहीच. पाच टक्के गंधकाच्या पेटकोकचा वाटा कमी झाला म्हणजे भट्टीत येणारं गंधक कमी व्हायला हवं, आणि येणारं कमी झालेलंच आहे. वाढलंय ते आतल्या आत फिरणारं. मालात बुडालेला निखारा स्वतःभोवतीचा प्राणवायू संपवतो. त्या जागी कॅल्शियम सल्फेट टिकत नाही, फुटून सल्फर डायऑक्साइड होतो आणि वायूबरोबर वर जातो. वर थंड भागात तो पुन्हा चुन्याला आणि अल्कलीला पकडतो, मालाबरोबर खाली येतो, पुन्हा फुटतो. एरवी क्लिंकरमधून बाहेर निघून गेलं असतं ते गंधक चकरा मारत बसतं, आणि प्रत्येक चकरेला भिंतीवर थोडं चिकटतं. इनलेटच्या अ‍ॅनालायझरवर प्राणवायू तीन टक्के दिसत होता, म्हणून सगळे निश्चिंत होते. पण तो आकडा वायूचा. मालाच्या आत काय चाललंय ते त्यावर दिसत नाही.

निखारे कोणत्या लाकडाचे? चाळणीवरून उतरलेला माल ताडपत्रीवर पसरून हाताने निवडला. फळ्यांच्या ढलप्या पातळ, त्यांचा प्रश्न नाही. दोषी निघाले पॅलेटच्या दोन फळ्यांमधले ठोकळे. फळी फुटते तसा ठोकळा फुटत नाही, चार सेंटीमीटरचा जवळजवळ घनाकार तुकडा होऊन ५० मिमीच्या चाळणीतून अगदी ऐटीत खाली येतो. जाडी दुप्पट झाली की जळायला लागणारा वेळ ढोबळमानाने चौपटीकडे जातो. कॅल्सिनरमध्ये वायू थांबतो चार-पाच सेकंद. एवढ्यात हलक्या ढलपीचं काम होतं. ठोकळा वायूबरोबर वर न जाता उलटा खाली पडतो. लांबी-रुंदी मोजत बसलो होतो, मोजायला हवी होती ती जाडी.

उपाय: हॅमर मिलची जाळी ५० वरून ३० मिमीवर, चाळणीवर राहिलेला माल पुन्हा मिलमध्ये. टनामागे वीज वाढणार, हॅमर लवकर झिजणार, तासाचं उत्पादन घटणार. मान्य.

३ डिसेंबर

बारीक माल चालू झाल्यावर झरोक्यातून निखारे जवळपास दिसत नाहीत. हॉट मीलचं गंधक उतरलं, पोकिंग पूर्वीच्या वेळापत्रकावर. वाटा आठ टक्के.

९ डिसेंबर

मुख्य बर्नरमध्येही थोडं द्यावं असा आग्रह वरून. मी विरोध नोंदवला. ज्योतीतून न जळता सुटलेला तुकडा थेट क्लिंकरच्या थरावर पडतो. तिथे १,४५० अंशांना प्राणवायू संपला की लोह खालच्या संयुजेत जातं, क्लिंकरचा गोळा फोडला की आत तपकिरी-पिवळसर गाभा दिसतो, आणि थंड होताना अलाइट (सिमेंटला ताकद देणारं क्लिंकरमधलं मुख्य खनिज) तुटायला लागतं. याची किंमत सिमेंटच्या ताकदीत मोजावी लागते. द्यायचंच असेल तर वेगळा काढलेला कोरडा भुसा, दोन-तीन मिमीचा. पण बारीक भुशाची धूळ हवेत मिसळली की स्फोटक, म्हणजे स्फोट-झरोके, अर्थिंग, ठिणगी शोधक, सगळी वेगळी व्यवस्था. ती नसताना नको.

१५ डिसेंबर

कार्बनचा हिशोब मागितला होता, दिला. लाकूड जाळल्यावर चिमणीतून गिगाज्यूलमागे ११० किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, पेटकोकमधून ९३. चिमणीला विचारलं तर लाकूड वाईट. फरक एवढाच की सिमेंट उद्योगाच्या हिशोब पद्धतीत लाकडाचा कार्बन जैविक म्हणून इंधनाच्या बेरजेत धरत नाहीत, वेगळा नोंदवतात. त्या पद्धतीने दहा टक्के वाट्याला क्लिंकरच्या टनामागे ३१ किलो वाचतात.

चुनखडी स्वतः फुटताना टनामागे सव्वापाचशे किलोच्या आसपास सोडते, इंधन कुठलंही असो. त्याला लाकूड हात लावू शकत नाही. जनसंपर्क विभागाच्या फलकाच्या मसुद्यात 'हरित सिमेंट' होतं, ते खोडून 'पेटकोकची बचत' लिहून परत पाठवलं. शिवाय लॅमिनेट, डिंक आणि रंगातला कार्बन जैविक नाही, तेवढा वाटा वजा करायला हवा. त्याची चाचणी कार्बन-१४ च्या मापनाने होते, नमुने बाहेर पाठवायचे.

१८ डिसेंबर

लॅबकडून राखेचा अहवाल. तीन टक्के राख धरली तरी दिवसाला दोन टन, कच्च्या पिठाच्या साडेचार हजार टनांपुढे चिमूट. चुना संपृक्ततेत (पिठातल्या चुन्याचं इतर घटकांशी प्रमाण) बदल करायची गरज नाही. फ्री लाइम (क्लिंकरमध्ये न जुळता उरलेला चुना) आणि लिटर वेट (लिटरभर क्लिंकरचं वजन) नेहमीच्या पट्ट्यात. राख वेगळी काढायची नाही, टाकायची नाही, ती क्लिंकरमध्येच जाते. बॉयलरवाल्यांपेक्षा आपली एवढी चंगळ.

पार्टिकल बोर्डात युरिया-फॉर्मल्डिहाइडच्या डिंकामुळे नायट्रोजन साध्या लाकडाच्या कितीतरी पट असतो. त्याचा वाटा वाढला की नायट्रोजन ऑक्साइडवर नजर ठेवायची. आतापर्यंत आकडा हललेला नाही.

४ जानेवारी

दहा टक्के गाठले आणि ते टिकून आहेत, मिसळलेल्या ढिगावर. आज मुद्दाम न मिसळलेला माल थेट दिला. कॅल्सिनरच्या तापमानाची रेषा तासाभरात करवतीसारखी झाली, दुपारी मिसळलेल्या ढिगावर परत आलो. हा आलेख छापून यार्डाच्या कार्यालयात लावला, कारण ढीग थरांनी लावायला वेळ जातो ही तक्रार तिथूनच येते.

११ जानेवारी

ड्रायरचा प्रस्ताव. क्लिंकर थंड करणाऱ्या कूलरची वाया जाणारी हवा २५० अंशांवर उपलब्ध आहे, तिने लाकूड वाळवावं अशी कल्पना. ९८ टन माल ४० वरून २० टक्क्यांवर आणायला दिवसाला साडेचोवीस टन पाणी उडवावं लागेल. बदल्यात लाकडातून मिळणाऱ्या उष्णतेत वाढ ६० गिगाज्यूलची, म्हणजे रोजचे जेमतेम दोन टन पेटकोक. केवळ एवढ्यासाठी पट्टा ड्रायर परवडत नाही. समर्थन करायचं तर ते स्थिरतेच्या जोरावर: बाहेर पडणारा माल रोज एकाच ओलीचा, मिसळणीचा भार कमी, आणि पावसाळ्यातही वाटा दहावरच ठेवता येईल. हे तीन मुद्दे घालून प्रस्ताव पुन्हा लिहिला. २५० अंशांची हवा सरळ लाकडावर सोडायची नाही, थंड हवा मिसळून ती १०० अंशांखाली आणायची, हे पहिल्याच पानावर.

ड्रायर मंजूर होवो न होवो, यार्डावर छप्पर आधी हवं. त्याची निविदा उद्या निघते, आणि पायाचं काम पावसाआधी पुरं करायचं आहे. ठोकळे पॅलेटवरून आधीच वेगळे तोडून देईल त्या पुरवठादाराला गिगाज्यूलमागे जास्त दर, ही दुरुस्ती पुढच्या करारात घातली.